जेन्नरच्या गांवीं

विलायतेस जाणारी आमच्याकडील मंडळी लंडनचा मनोरा पाहतात, ऑक्सफर्डच्या विद्यालयांतून हिंडतात, शेक्सपियरच्या जन्मस्थानाचें दर्शन घेतात, आणि सवड उरल्यास सरोवरांच्या प्रांतांत चार दिवस काढून परत येतात. बर्कली या गांवीं कोणी मुद्दाम वाट वांकडी करून गेल्याचें मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त ब्रिस्टल शहरीं राहतात. त्यांच्याकडे गेल्या उन्हाळ्यांत आमचें जाणें झालें, म्हणून हा योग आला. ब्रिस्टलहून उत्तरेस ग्लॉस्टरकडे जाणारा जुना रस्ता धरला म्हणजे सुमारें २० मैलांवर डावीकडे बर्कलीचा फांटा फुटतो. पलीकडे सेव्हर्न नदीचें रुंद व गढूळ मुख, अलीकडे सखल, ओलसर, हिरवीगार कुरणें, आणि कुरणांत सावकाश चरणाऱ्या गाई. हा प्रांत दुभत्याचा. येथील चीज नांवाजलेलें आहे. गाई आणि गवळणी यांवांचून पुढील हकीकत घडलीच नसती, म्हणून आरंभींच त्यांचा उल्लेख करून ठेवतों.

गांव म्हणजे चार गल्ल्या, एक किल्ला आणि एक चर्च. किल्ल्यांत १३२७ सालीं इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड कैदेंत असतां मारला गेला. आम्ही गेलों त्या दिवशीं बहुतेक प्रवासी त्या किल्ल्याकडेच वळत होते. एका राजाचा जेथें अंत झाला ती कोठडी पाहण्यास माणसें पैसे भरून रांग लावतात, आणि शेजारींच असलेल्या ज्या घरांतून जगांतील कोट्यवधि लेंकरांना अभय मिळालें, तेथें आम्हां चौघांखेरीज दोघेच जण होते! असो. किल्ल्याचें वर्णन पुस्तकांतून पुष्कळ आहे, तें येथें करीत नाहीं.

चर्चच्या अंगणास लागूनच चँट्री नांवाचें जुनें, भारदस्त घर आहे. डॉक्टर एडवर्ड जेन्नर यानें तें १७८५ सालीं घेतलें. १९८५ पासून त्यांत त्याचें संग्रहालय आहे. बागेच्या कोपऱ्यांत झाडांच्या ओबडधोबड खोडांची, गवतानें शाकारलेली एक खोपटी दिसते. जेन्नर येथें बसून आसपासच्या गोरगरिबांच्या मुलांस फुकट देवी काढीत असे. त्या खोपटीस तो थट्टेनें लसीचें देऊळ म्हणे. आम्ही दारांतून डोकावलों. आंत अंधार, आणि ओल्या लांकडाचा वास. एवढ्याशा जागेसाठीं एवढ्या लांब आलांत काय, असें कोणी विचारलें असतें, तर आम्हीं आमच्या आजोबांचें नांव सांगितलें असतें.

त्यांचें नांव धोंडो. त्यांच्या पाठीवरचे नव्हेत, तर आधींचे दोन मुलगे देवींनीं नेले, म्हणून तिसऱ्याचें नांव दगडधोंड्यावरून ठेवलें. असल्या पोरावर काळाची नजर ठरूं नये, हा हेतु. दगडू, धोंडू, भिकू हीं नांवें आमच्याकडे किती घरांतून आढळतात, आणि प्रत्येक नांवामागें किती रिकामे पाळणे आहेत, याचा हिशेब कोणी केलेला नाहीं. त्या रोगास रोग म्हणण्याचें धैर्यही माणसांस नव्हतें. देवी आल्या म्हणावयाचें, त्या पाहुणीसारख्या समजावयाच्या, घरांत फोडणी द्यावयाची नाहीं, अंथरुणापाशीं कडुलिंबाचा पाला ठेवावयाचा, आणि त्या गोडीगुलाबीनें परत जाव्यात म्हणून हात जोडावयाचे. श्रावणांतील शीतळासप्तमीस चूल न पेटवितां शिळें अन्न खाण्याचा रिवाज आमच्या घरीं अजून आहे. तीव्र प्रकारच्या देवींत दर दहांतले सुमारें तीन रोगी दगावत. जे वांचत त्यांचीं तोंडें व्रणांनीं भरत, कित्येकांचे डोळे जात. आईबापांना मुलांविषयीं शंभर भयें असतात. परंतु ज्या भयाचें नांव उच्चारण्याचेंही भय वाटावें असें हें एकच होतें.

जेन्नर स्वतः त्या भयांतून गेला होता. त्याचा बाप याच गांवचा धर्मोपदेशक. पांच वर्षांचा असतां १७५४ सालीं त्याचे आईबाप दोघेही वारले, आणि थोरल्या भावानें त्याचा सांभाळ केला. आठव्या वर्षीं त्यास जुन्या पद्धतीनें टोचलें. ती पद्धत म्हणजे देवीच्या रोग्याच्या फोडांतील द्रव निरोग्याच्या अंगांत घालून सौम्यसा आजार मुद्दाम आणावयाचा. त्यासाठीं त्यास उपाशी ठेवीत, रक्त काढीत, आणि अशा इतर मुलांबरोबर एका तबेल्यांत कोंडून ठेवीत. या टोंचण्यानें मुलें बहुधा बचावत, परंतु थोडीं मरतही, आणि त्यांच्यापासून दुसऱ्यांस खरा रोग लागे. त्यामुळें टोंचावें तरी भय, न टोंचावें तरी भय. अमेरिकेंतील प्रख्यात बेंजामिन फ्रँकलिन याचा चार वर्षांचा मुलगा १७३६ सालीं देवीनें गेला. त्यास टोंचून घेतलें नव्हतें, आणि त्याची हळहळ त्या विद्वानानें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेवली आहे.

ज्या गवळणींस गाईच्या देवी येऊन गेल्या त्यांस माणसांच्या देवी येत नाहींत, ही समजूत त्या मुलखांत पूर्वींपासून होती. १७७४ सालीं डॉर्सेट परगण्यांतील बेंजामिन जेस्टी नांवाच्या शेतकऱ्यानें सांथ आलेली पाहून गाईच्या फोडांतील द्रव मोजे विणण्याच्या सुईनें आपल्या बायकोच्या व दोन मुलांच्या दंडांत घातला. बायको फार आजारी पडली, पण बरी झाली. मुलें सुखरूप राहिलीं. शेजाऱ्यांनीं मात्र त्याची छी:थू केली, आणि तो गप्प बसला. आम्हांस हा जेस्टी फार आपलासा वाटतो. त्यानें आपलें घर राखलें. आपण सारे एवढेंच करतों, आणि त्यांत कांहीं कमी आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या सुईनें डॉर्सेटमधील तीन जीव बचावले, चौथा नाहीं.

जेन्नरनें १४ मे १७९६ रोजीं जो प्रयोग केला तो दुसऱ्याच्या मुलावर. सेरा नेल्म्स नांवाच्या गवळणीच्या हातावर ब्लॉसम नांवाच्या गाईपासून लागलेले फोड आले होते. त्यांतील द्रव घेऊन त्यानें आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडावर दोन बारीक चिरा पाडल्या. मुलास थोडी कसर आली आणि गेली. मग १ जुलै रोजीं त्यानें त्याच मुलाच्या अंगांत खऱ्या देवीचा द्रव घातला. कांहीं झालें नाहीं. त्या ‘कांहीं झालें नाहीं’ यांतच सारा शोध आहे.

हें वाचून आमच्या मंडळींनीं तेथील बाईंस विचारलें, “त्या दिवशीं त्या पोराची आई कोठें होती?” बाई हंसून म्हणाल्या कीं येणारे लोक बहुधा गाईविषयीं विचारतात. गाईचें कातडें लंडनच्या एका वैद्यकीय विद्यालयांत अजून जपून ठेवलें आहे.

जेन्नरनें आपलें मूल बाजूस ठेवून माळ्याचें पोर पुढें केलें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. त्याचा वडील मुलगा एडवर्ड तान्हा असतां १७८९ सालींच त्यास डुकरांच्या देवीची लस त्यानें टोंचून पाहिली होती, आणि १७९८ मध्यें अकरा महिन्यांच्या रॉबर्टलाही गाईची लस टोंचली. ती त्यास लागली नाहीं. परंतु त्याच वर्षीं टोंचलेला जॉन बेकर नांवाचा पांच वर्षांचा मुलगा अनाथगरिबांच्या निवाऱ्यांत तापानें वारला, हेंही जेन्नरच्या पुस्तकांत नमूद आहे. आजच्या काळीं असला प्रयोग कोणी करूं म्हटल्यास त्यास कोणी परवानगी देणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. तरीही खरें हें कीं आपल्या घरांतलीं मुलें जीं वांचलीं तीं या निनांवी राहतां राहतां नांव उरलेल्या गरीब मुलांच्या दंडांवरून.

हें शब्दशः खरें आहे. त्या काळीं लस बाटलींत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावरच्या ताज्या फोडांतून दुसऱ्याच्या दंडांत न्यावी लागे. १८०३ सालीं स्पेनच्या राजाच्या आज्ञेनें डॉक्टर बाल्मिस अमेरिकेकडे निघाला, तेव्हां गलबतावर २२ अनाथ मुलगे घेतले होते, आणि वाटेंत ठराविक दिवसांनीं दोघादोघांस टोंचून लस जिवंत ठेवली. त्यांची देखभाल करणारी अनाथाश्रमाची प्रमुख इसाबेल झेंदाल हिचा स्वतःचा मुलगाही त्यांत होता. आमच्या मुलखांत लस आली ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी खुष्कीनें व पुढें समुद्रानें. मुंबईंत पुष्कळ मुलांस टोंचली, पण लागली ती एकीलाच. ॲना डस्टहॉल नांवाची तीन वर्षांची मुलगी, तारीख १४ जून १८०२. तिच्या दंडावरून आणखी पांच मुलांस, त्यांच्यावरून इतरांस, आणि मग मुंबईहून पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास. मुंबईंत इतक्या मोठ्या पुरुषांचे पुतळे आहेत. या पोरीचें नांव कोणा चौकावर आम्हीं तरी पाहिलें नाहीं.

आणि येथें एक गोष्ट आपल्या घरांविषयीं स्पष्टच बोललें पाहिजे. लस कोणाच्या मुलाच्या दंडावरची, तें मूल कोणत्या जातीचें, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांनीं फार वेळां उपस्थित केला, आणि तेवढ्यावरून टोंचणाऱ्यास दारांतून परत लावलें. विहीर निराळी, पंगत निराळी, तसा फोडही निराळा हवा होता! देवींनीं मात्र सोवळेंओवळें पाळलें नाहीं. पुढें वासरांवर लस तयार होऊं लागल्यावर ही अडचण मिटली. ती आमच्या शहाणपणानें मिटली नाहीं.

आमच्या दंडांवर देवीचे वण आहेत. चिरंजीवांच्या दंडावर तो नाहीं, कारण त्यांचा जन्म झाला तोंपर्यंत त्याची गरज संपली होती. हिंदुस्थानांतील शेवटचा रोगी मे १९७५ मध्यें आसामांत आढळला; निसर्गतः लागण झालेला जगांतील शेवटचा रोगी, अली माव मालिन नांवाचा इस्पितळांतील आचारी, ऑक्टोबर १९७७ मध्यें सोमालियांत. तो बरा झाला. ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्यपरिषदेनें हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. आमचा सहा महिन्यांचा नातू त्या घरांत फिरतांना त्याच्या आईच्या खांद्यावर झोंपला होता. आदल्याच आठवड्यांत त्यास निराळ्या रोगांच्या लसी टोंचल्या होत्या. सुई टोंचतांना तो आईकडे पाहून रडला, त्यामुळें सूनबाई दिवसभर खिन्न होती. तिच्या मैत्रिणींत लसींविषयीं नाना शंका आहेत. गोवराच्या लसीनें मुलें स्वमग्न होतात असा निष्कर्ष सुचविणारा एक लेख १९९८ सालीं याच देशांतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय पत्रांत आला, आणि तो सदोष ठरून २०१० सालीं मागें घेतला गेला. तरी भीति मागें घेतली गेली नाहीं. त्या आयांस हंसणें आम्हांस पटत नाहीं. आपल्या संमतीनें आपल्या लेंकराच्या अंगांत सुई जाते, हा विचार कठीणच आहे. सूनबाईनें जेन्नरच्या तबेल्याची हकीकत दोनदां वाचली आणि कांहीं बोलली नाहीं.

बागेंतून एक वाट थेट चर्चकडे जाते. तेथील तळघरांत जेन्नर आपल्या आईबापांशेजारीं निजला आहे. २६ जानेवारी १८२३ रोजीं तो वारला. त्याच जागीं त्याची पत्नी कॅथरीन व वडील मुलगा एडवर्ड यांस ठेवलें आहे. हा एडवर्ड म्हणजे तान्हेपणीं ज्यास लस टोंचली तोच. देवीपासून तो सुरक्षित होता. त्यास क्षय झाला, आणि १८१० सालीं, एकविसाव्या वर्षीं, तो गेला. पत्नीही १८१५ सालीं क्षयानेंच गेली. क्षयावरची लस माणसांस प्रथम दिली गेली ती १९२१ सालीं. मुलगा खंगत होता त्या दिवसांत देशोदेशींचे राजे या बापास धन्यवादाचीं पत्रें पाठवीत होते. आम्ही त्या थंड फरशीवर बराच वेळ उभे होतों. आमच्या मंडळींनीं हात जोडले. कोणास, तें आम्हीं विचारलें नाहीं.

जवळच जेम्स फिप्सचें घर आहे. तो मोठा होऊन संसारास लागला तेव्हां जेन्नरनें त्यास तें बिनभाड्यानें राहावयास दिलें, आणि त्याच्या अंगणांत गुलाबाचीं झाडें स्वतः लावलीं असें सांगतात. चँट्रींत येण्यापूर्वीं संग्रहालय कांहीं वर्षें याच घरांत होतें. जेन्नरच्या अंत्ययात्रेस जेम्स हजर होता. पुढें ३० वर्षांनीं, १८५३ सालीं, तो वारला; त्याला त्याच चर्चच्या अंगणांत, बाहेर गवतांत पुरलें आहे. त्याची जागा शोधावी म्हणून आम्ही थडग्यांवरचीं शेवाळलेलीं अक्षरें वाचीत चाललों होतों, तोंच सेव्हर्नकडून पाऊस आला, आणि नातू दुधासाठीं जागा झाला.