ठाऊक वाट

माझ्या लहानपणीं जेऊर स्टेशनावर रात्रीच्या आगगाडीनें उतरलों, कीं आमचा गाडीवान आम्हां मुलांना बैलगाडींत कडब्यावर निजवी आणि थोड्या वेळानें स्वतःहि डुलक्या घेऊं लागे. बैल मात्र न चुकतां वाड्याच्या दारांत येऊन उभे राहत!

गेल्या पौषांत ही आठवण निराळ्याच रीतीनें जागी झाली. पुतण्याच्या नव्या मोटारींतून आम्ही सारीं पुण्याहून जेऊरला चाललों होतों. समोरच्या गाडीपासून अंतर राखणें, पट्ट्यांच्या मधून चालणें, हीं कामें ती मोटार आपण होऊन करी. "काका, हिला आतां सारें कळतें," असें म्हणून चक्रावर एक बोट टेकवून तो फोनवरचा निरोप वाचूं लागला. टेंभुर्णी सोडून आम्ही आंतल्या रस्त्याला लागलों. अंधार पडला होता. एकाएकीं सूनबाई किंचाळल्या. पुढें उसानें भरलेली ट्रॉली उभी होती. मागें दिवा नाहीं! पुतण्यानें ब्रेक दाबला. उसाचे शेंडे कांचेपासून हातभर अंतरावर राहिले. मागें नात निजली होती, ती जागीहि झाली नाहीं.

त्या रात्रीं वाड्यांत कोणालाच झोंप आली नाहीं. तेव्हां पुतण्यानेंच मला या विद्येच्या पायऱ्या सांगितल्या. अमेरिकेंतील अभियंत्यांच्या एका संस्थेनें २०१४ सालीं त्या शून्यापासून पांचापर्यंत ठरविल्या. शून्यावर सारें माणसाकडे. पहिलीवर यंत्र चक्र सांभाळतें किंवा वेग. दुसरीवर दोन्ही, परंतु नजर अखंड माणसाचीच. तिसरीवर ठराविक परिस्थितींत नजरहि यंत्राची. मात्र त्यानें हांक मारतांच माणसानें सूत्रें हातीं घ्यावयाचीं. अशी मोटार २०२२ सालीं जर्मनींत विक्रीस आली. चौथीवर नेमलेल्या क्षेत्रापुरती माणसाची गरजच नाहीं. अमेरिकेंतील फीनिक्स शहराच्या परिसरांत २०२० पासून अशा चालकाविना भाड्याच्या मोटारी लोकांना मिळूं लागल्या. पांचवी म्हणजे वाटेल तेथें, वाटेल त्या हवेंत. ती अद्याप कोठेंच साधलेली नाहीं.

"आणि तुझी?" मीं विचारलें.

"दुसरी," तो खालीं मान घालून म्हणाला.

मला वाटतें, खरा धोका याच पायरीवर आहे. यंत्र कांहींच करीत नसेल, तर माणूस सावध असतो. सर्वच करीत असेल, तर त्यानें खुशाल निजावें. परंतु बहुतेक काम यंत्र करतें आणि जबाबदारी मात्र आपली राहते, तेथें मन नकळत सैलावतें. आमच्या गाडीवानाला हें पुस्तकावांचून कळलें होतें. बैलांना स्टेशन ते वाडा एवढीच वाट ठाऊक आहे, हें तो जाणून होता. त्याच बैलांना घेऊन तो टेंभुर्णीकडे निघाला, कीं डोळ्याला डोळा लागूं देत नसे.

परततांना पुतण्याचे दोन्ही हात चक्रावर होते आणि फोन सूनबाईंच्या पिशवींत होता. इंदापूर येईपर्यंत तो एकच वाक्य बोलला, "काका, मला झोंप येऊं नये म्हणून कांहीं तरी सांगत राहा."

मीं त्याला त्या बैलांची गोष्ट सांगितली.