अम्मींचे पाय

महाराष्ट्रात घरात बसल्याबसल्या पाय गारठतात, असे सांगितले तर मुंबई-कोकणातल्या भगिनींना हसू येईल. पण आमच्या निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत या आणि पाहा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा कधी पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली उतरतो. थंडीने द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. बागेची अशी काळजी घेतली जाते, पण घराची कोणी घेत नाही. आपली घरे बांधलेली असतात उन्हाळ्याचा विचार करून. छत उंच, खिडक्या मोठ्या आणि खाली शहाबादी फरशी. मे महिन्यात हीच फरशी सुख देते. जानेवारीत मात्र तिच्यावर पाऊल टेकवले की थंडी पोटरीपर्यंत चढते.

आमच्या घरात या थंडीचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या सासूबाईंना, म्हणजे अम्मींना. वय एकाहत्तर, आणि अठरा वर्षांपासून शुगर. फजरला सगळ्यांच्या आधी त्या उठतात. वुजू करून जानमाजवर उभ्या राहिल्या की नमाजनंतर पहिले वाक्य ठरलेले असते, "बेटा, माझे पाय बर्फ झाले गं." दिवसाही पलंगावर बसून पाय शालीत गुंडाळलेले. रात्री दोन रजया घेतल्या तरी पाय गारच, ही तक्रार कायम.

माझी नणंद बर्मिंगहॅमला असते. वयाने मोठी, म्हणून आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये गॅस आणि विजेचे दर एकदम वाढले, तेव्हापासून त्यांच्या घरात दिवसभर हीटिंग चालू ठेवणे बंद झाले. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. मधल्या वेळात त्या टेबलाशी बसून काम करतात आणि पायाखाली विजेवर तापणारी छोटी चटई ठेवतात. अख्खी खोली तापवण्यापेक्षा माणूस बसला आहे तेवढीच जागा तापवावी, असा त्यांचा हिशेब. अम्मींची तक्रार फोनवर ऐकून ऐकून त्यांनी तशीच एक चटई गेल्या नोव्हेंबरात इकडे येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर पाठवून दिली.

चटई आली तेव्हा घरात ईदसारखा उत्साह. दोन पावले मावतील एवढी, वरून मऊ, आत तापणाऱ्या तारा, बाजूला कमी-जास्त करायचे बटण. तिकडचा प्लग चपट्या तीन पिनांचा, आपल्या सॉकेटमध्ये न बसणारा. गावातल्या वायरमनने सैल ॲडॅप्टर लावू नका असे बजावले आणि घट्ट बसणारा आणून दिला. आमच्या यांनी लगेच हिशेब मांडला. चटई 75 वॉटची. चार तास चालली तरी 0.3 युनिट. तेच 2000 वॉटचा रूम हीटर चार तास चालवला तर 8 युनिट. "अम्मीला महिनाभर खुशाल वापरू दे," हे म्हणाले. अम्मी तर पलंगाच्या कडेला पाय सोडून तयारच बसल्या होत्या.

माझी लेक यंदा दहावीला आहे. चटईबरोबर आलेले बारीक अक्षरांतले माहितीपत्रक तिने वाचायला घेतले. चटई दुमडू नये, ओली करू नये, तान्ह्या बाळासाठी वापरू नये, इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. पुढच्या ओळीवर ती थांबली. ज्या माणसाला उष्णता नीट जाणवत नाही त्याने ही चटई वापरू नये, असे तिथे लिहिले होते. मला आठवले की मागच्या रमजानमध्ये अम्मींची एक चप्पल पायातून निसटून अंगणात राहिली होती आणि त्या तशाच आत चालत आल्या होत्या. त्यांना कळलेसुद्धा नव्हते. तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या विसरभोळेपणावर हसलो होतो.

मी म्हटले, "अम्मी, आधी डॉक्टरांना विचारू. तोवर चटई राहू द्या."

यानंतरचे आठ दिवस मला जड गेले. लेकीने परदेशातून आईसाठी ऊब पाठवली आणि सुनेने ती कपाटात ठेवली, असेच ते दिसत होते. अम्मी बोलल्या काही नाहीत, पण शाल जरा जास्तच आवळून घेऊ लागल्या. आपांचा फोन आला. "अम्मी वापरतात ना?" मी कारण सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "इथे सगळे म्हातारे वापरतात. बघ बाई, तुझी मर्जी." सून म्हणून नांदलेल्या प्रत्येक बाईला या शेवटच्या दोन शब्दांचे वजन ठाऊक आहे.

नाशिकला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिले काम केले ते अगदी साधे. अम्मींच्या पायांना हात लावला आणि मलाही लावायला सांगितला. पाय गार नव्हते. माझ्या तळहाताला ते चक्क उबदार लागत होते! आणि अम्मी मात्र म्हणत होत्या, "बघा ना, कसे बर्फासारखे आहेत." डॉक्टरांनी पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी पाहिली, ती व्यवस्थित लागत होती. मग अम्मींना डोळे मिटायला सांगून त्यांनी नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवला. हा तंतू 10 ग्रॅम दाब पडला की वाकतो. निरोगी पायाला तो स्पर्श कळतो. "टेकला की हो म्हणा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तंतू अंगठ्याला टेकवला, चवड्याला टेकवला, पुन्हा अंगठ्याला टेकवला. अम्मी डोळे मिटून वाट पाहत होत्या. काही वेळाने त्यांनीच विचारले, "कधी सुरू करणार?"

ते ऐकून आमचे हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. अनेक वर्षांच्या शुगरने पायांच्या नसा दुखावतात. मग त्या खोटे निरोप पाठवू लागतात. पाय उबदार असला तरी गार वाटतो, कुणाला मुंग्या येतात, कुणाच्या तळव्यांची आग होते. आणि खरा निरोप, म्हणजे चटका, काटा, चप्पल घासणे, तो पोचतच नाही. अशा पायाखाली तापती वस्तू ठेवली तर माणूस "अजून गारच आहे" म्हणून बटण वाढवत जातो. भाजायला उकळते पाणीच लागते असे नाही. 44 अंश तापमान कातडीला सलग सहा तास लागून राहिले तरी भाजते, आणि 60 अंशांना तर पाचेक सेकंद पुरतात. ज्याला कळते तो पाय काढून घेतो. ज्याला कळत नाही त्याचा पाय तिथेच राहतो. शुगरवाल्या पायाची जखम भरायला वेळ लागतो, आणि ती चिघळली तर कधी बोट, कधी पाऊल गमवायची वेळ येते.

निरोगी माणसानेही ऊब सतत एकाच जागी घेऊ नये, हेही त्यांनी सांगितले. काश्मीरमध्ये फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याची रीत आहे. वर्षानुवर्षे तिची धग लागून पोटाच्या-मांडीच्या कातडीवर तांबूस-काळपट जाळी उमटते, आणि काहींना तिथे कातडीचा कर्करोग होतो. काश्मीरमध्ये काम करणाऱ्या डॉ. एल्मस्ली यांनी 1866 मध्येच ही गोष्ट नोंदवून ठेवली होती.

त्या रात्री आपांना फोन यांनीच केला. तंतूची गोष्ट सांगितली, आणि "कधी सुरू करणार" हेही सांगितले. आपा खूप रडल्या. मग मला फोन द्यायला सांगून म्हणाल्या, "भाभी, आता रोज मला अम्मीचे तळवे दाखवत जा."

तेव्हापासून आमच्या घरात एक नवा रिवाज सुरू झाला. इशाच्या नमाजनंतर अम्मी पलंगावर पाय लांब करून बसतात. लेक मोबाइल धरते, मी तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहते आणि बर्मिंगहॅमहून आपा पाहतात. पहिले चार दिवस अम्मी लाजल्या. "सुनेने माझे पाय हातात घ्यायचे का? अजून माझे हातपाय चालतात," म्हणायच्या. त्यांना ओझे होण्याची धास्ती. मी म्हणायचे, "अम्मी, तुमच्याच लेकीने काम लावले आहे, तिला बोला."

पाचव्या दिवशी डाव्या चवड्यावर एक काळा ठिपका दिसला. आजूबाजूला लाली. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार आत गेला होता. किती दिवसांपासून, अल्लाहच जाणे. अम्मी त्यावर चालत होत्या, नमाजला उभ्या राहत होत्या, आणि त्यांना काही दुखत नव्हते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी काटा काढला. पू धरण्याची नुकती सुरुवात होती. तीन आठवडे पट्टी चालली आणि जखम भरली. अल्हम्दुलिल्लाह.

मी पुष्कळ विचार केला. आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो. टाच कोरडी राहू नये अशी ताकीद आहे, पायाच्या बोटांमधून करंगळी फिरवून खिलाल करण्याची सुन्नत आहे. म्हणजे पायांकडे लक्ष देणे आपल्या दिवसातच बसवलेले आहे. पण वय झाले की वाकवत नाही, नजर अधू होते, तळवा दिसत नाही. तिथे घरातल्या दुसऱ्या कुणाचे तरी डोळे लागतात.

अम्मींच्या उबेची सोय आम्ही दुसऱ्या मार्गाने केली. वुजूसाठी कोमट पाणी, पण ते किती गरम आहे हे मी माझ्या कोपराने पाहते, त्यांच्या पायाने नाही. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. जानमाजखाली जाड सतरंजी घातली. लोकरीचे मोजे आणले, वरून न आवळणारे आणि फिक्या रंगाचे, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. घरातही चप्पल, आणि ती घालण्याआधी उलटी करून झटकायची. झोपण्याच्या अर्धा तास आधी गरम पाण्याची पिशवी अंथरुणात ठेवायची आणि अम्मी आडव्या होण्याआधी ती काढून घ्यायची. चामडी मोज्यांवर मसह करण्याची सवलत मुक्कामी असलेल्याला एक दिवस-रात्र आहे. ज्यांना ती घ्यायची असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारून जरूर घ्यावी, फक्त शुगरवाल्यांनी मोजे रोज काढून पाय पाहण्याचे चुकवू नये.

चटई वाया गेलेली नाही. ती आता दहावीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली असते. फजरनंतर लेक तिच्यावर मोजे घातलेले पाय ठेवून दीड तास वाचते. बटण सगळ्यात कमीवर, आणि उठताना प्लग काढायचा. ओल्या पायांनी तिच्यावर यायचे नाही, तिच्यावर सतरंजी किंवा रजई टाकायची नाही, रात्री चालू ठेवून झोपायचे नाही, हे नियम तिनेच कागदावर लिहून भिंतीला लावले आहेत.

वाचक भगिनींनो, घरातले कुणी पाय गार पडतात म्हणाले, तर काही विकत आणण्याआधी त्या पायांना हात लावा. हाताला उबदार आणि त्यांना गार लागत असतील तर नसांची तपासणी करा. हाताला खरोखरच गार असतील, रंग बदललेला असेल, चालताना पोटऱ्या दुखत असतील, तर रक्तपुरवठ्याची तपासणी लवकर करा. रक्त कमी असणे, थायरॉइड मंद असणे, तंबाखू किंवा मिश्रीची सवय, हीही कारणे असू शकतात. आणि नुसतीच थंडी असेल, पाय धडधाकट असतील, तर चटई जरूर वापरा. ती चांगली वस्तू आहे.

आईच्या पायांशी जन्नत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि मुलांना सांगतो. ते पाय उजेडात धरून आपण शेवटचे केव्हा पाहिले, हे मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावे. कुणाच्या घरात आई असेल, कुणाच्या सासू, कुणाच्या अब्बा. आज इशानंतर पाच मिनिटे काढा. अल्लाह आपल्या सगळ्या बुजुर्गांना आफियतीत ठेवो आणि आपल्याला त्यांच्या खिदमतीची तौफीक देवो. आमीन.