पैगाम कुणाच्या हाती

निकाह हा करार आहे. एका पक्षाचा प्रस्ताव, दुसऱ्याचा स्वीकार, साक्षीदार आणि ठरलेला मेहेर एवढ्यावर तो उभा राहतो. मुलीची संमती त्यात गृहीत धरलेली नाही, ती विचारायची असते. वडिलांनी इच्छेविरुद्ध लावून दिलेला खन्सा नावाच्या स्त्रीचा निकाह प्रेषितांनी रद्द केला, असे हदीस सांगते. प्रेषितांच्या पत्नी खदीजांनी तर लग्नाआधी नफीसा या मैत्रिणीकरवी त्यांच्याकडे स्वतःच विचारणा केली होती, आणि त्या विधवा होत्या. मात्र संमती द्यायची तर माणूस कळायला हवा, आणि परक्या पुरुषाबरोबर एकांत तर नको. हा तिढा मध्यस्थ सोडवतो. धर्म पाळणाऱ्या मुलीच्या लग्नातली खरी अडचण म्हणूनच नवऱ्यामुलाच्या आधी सुरू होते: पैगाम, म्हणजे लग्नाचा प्रस्ताव, न्यायचा कुणी, आणि तिकडची खरी बातमी आणायची कुणी?

पूर्वी हे काम नात्यागोत्यात उरकत असे. त्याचा एक सुखवस्तू नमुना कोकणातल्या किहीमच्या किनाऱ्यावर होता. मुंबईच्या तय्यबजी घराण्याची सुट्टीतली घरे इथे होती. सुलेमानी बोहरा समाजातले हे घराणे. १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी त्यातलेच. घराण्यात ‘अखबार’ नावाच्या वह्या असत. कोण आले, कोण गेले, काय घडले, ते घरातल्या कुणीही लिहावे आणि इतरांनी वाचावे. चुलत, आते, मामे, मावस अशी सगळी भावंडे अशा गोतावळ्यात एकमेकांसमोर वाढत. इस्लामला अशा भावंडांमधला विवाह मान्य असल्याने त्यांच्यातच उद्याचे नवरे आणि बायका असत. नियमाने पाहिले तर चुलतभाऊही नामहरमच, म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकते म्हणून अंतर राखायचा पुरुष. पण पोहणे, फिरणे, एका दस्तरख्वानावर जेवणे यांतून कोण चिडका, कोण उधळ्या, कोण फजरच्या नमाजाला उठतो, हे कुणाला विचारावे लागत नसे. चौकशीचे काम मावशी-आत्यांनी आधीच करून ठेवलेले असे. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचे १९१८मध्ये तेहमिना यांच्याशी झालेले लग्नही दूरच्या नात्यातलेच.

याच सालिम अलींनी १९३०मध्ये, नोकरी गेल्यावर, किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर खोपा अर्धाच विणतो आणि थांबतो. मादी येते, आत बसून पाहते, पसंत पडला तर राहते. मगच नर पुढचे विणकाम पुरे करतो आणि लगेच शेजारी दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा सुरू करतो. उपमेसाठी हे उदाहरण फार सोयीचे दिसते, पण शेवटच्या वाक्यामुळे ते वधूपक्षापुढे न काढलेलेच बरे.

नात्यातल्या या सोयीला मर्यादाही होत्या. त्याच गोतावळ्यातली नाजली फैझी लहान वयात जंजिऱ्याच्या नवाबाला दिली गेली. मूल झाले नाही, नवाबाने दुसरे लग्न केले आणि नाते तुटले. तिची बहीण अतिया शिकायला लंडनला गेली आणि १९१२मध्ये, पस्तिशीच्या घरात, तिने स्वतः निवडलेल्या चित्रकाराशी निकाह केला. हे चित्रकार, सॅम्युअल रहामिन, मूळचे बेने इस्रायल, म्हणजे ज्यांचे पूर्वज किहीमलगतच्या नवगावला फुटलेल्या गलबतातून किनाऱ्याला लागले अशी परंपरा सांगते, त्या यहुदी समाजातले. मुसलमान पुरुषाला यहुदी स्त्रीशी निकाह चालतो, मुसलमान स्त्रीला यहुदी पुरुषाशी चालत नाही. म्हणून रहामिन यांनी इस्लाम स्वीकारला. शिवाय पत्नीचे आडनावही आपल्या नावाला जोडले: फैझी-रहामिन. धर्माची चौकट न मोडता निवड करता येते, याचे हे ठळक उदाहरण आहे. मात्र अतियाच्या पाठीशी पैसा, शिक्षण आणि मोठ्या घराण्याचे नाव होते, हे विसरता येत नाही.

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या सामान्य कोकणी मुसलमान घरात हिशेब वेगळा असतो. हा समाज अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापारामुळे शाफई पंथाचा. शाफई मताप्रमाणे कुमारिकेचा निकाह वलीशिवाय, म्हणजे वडील किंवा तत्सम पालकाशिवाय, होत नाही. हनफी हे दुसरे मत मात्र सज्ञान स्त्रीला स्वतःचा निकाह करू देते. मुंबई उच्च न्यायालयापुढे १८६४मध्ये महम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद हे प्रकरण आले. शाफई घरातल्या मुलीने वयात आल्यावर हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीवाचून निकाह केला होता, आणि तो ग्राह्य ठरला. पण कोर्टात ग्राह्य ठरणे वेगळे आणि जमातीत मान वर करून वावरणे वेगळे. नमाज-रोजा पाळणाऱ्या मुलीला वली टाळायचा नसतोच. आपल्या बाजूने चार प्रश्न विचारणारा वली तिला हवा असतो.

आता नात्याचे जाळे विरळ झाले आहे. मुलगे आखातात, भावंडे मुंब्रा-पनवेलला, आणि मुलगी अनेकदा होणाऱ्या नवऱ्यापेक्षा जास्त शिकलेली. मध्यस्थ म्हणून उरतो तो बायोडाटा. त्यात उंची, रंग, शिक्षण, पगार यांना रकाने असतात, दीनदारीला, म्हणजे धर्मनिष्ठेला, एकच ओळ: ‘नमाजी, सुशील’. ही ओळ सगळ्यांच्याच बायोडाटात असते. हिजाब घेणाऱ्या मुलीपुढे फोटोचा पेच येतो. लग्नाच्या हेतूने चेहरा पाहायला शरियत परवानगी देते, पण ती समोरच्या मुलाला. व्हॉट्सअॅप गटातल्या तीनशे माणसांना नव्हे. मग फोटो मुलीच्या आईच्या मोबाइलवरून मुलाच्या आईच्या मोबाइलवर जातो, ‘बघून डिलीट करा’ या विनंतीसह. प्रत्यक्ष भेटीत मागच्या खोलीचे दार उघडे ठेवून भाऊ बाहेर बसतो, आणि वीस मिनिटांत नोकरी करू देणार का, वेगळे राहणार का, आखातात नेणार की आईपाशी ठेवणार, हे विचारून घ्यायचे असते. खरी चौकशी नमाजी या शब्दाची नसते, त्यामागच्या वागण्याची असते: रागात हा माणूस काय बोलतो, पैसे कुणाच्या हातात देतो. ते मशिदीतल्या पुरुषांना थोडेफार माहीत असते, त्याच्या बहिणींना पुष्कळ. घटस्फोटितेसाठी तर पैगाम येणेच मुश्कील. खदीजांचे नाव घराघरांत मुलींना दिले जाते, त्यांचे उदाहरण मात्र क्वचित गिरवले जाते.

पसंतीनंतर कराराचा भाग येतो, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. मेहेर हा बायकोचा हक्क. त्याच्या रकमेवर घासाघीस होते. स्त्रीला आपल्या अटी निकाहनाम्यात घालता येतात: शिक्षण, नोकरी, राहण्याची जागा, इतकेच काय, ठरावीक परिस्थितीत स्वतः तलाक घेण्याचा सोपवलेला अधिकारही. तय्यबजी-फैझी गोतावळ्यातलेच कायदेपंडित आसफ फैझी यांच्या मुस्लिम कायद्यावरील ग्रंथात याची सविस्तर चर्चा आहे. तरी अट घालणे हे अविश्वासाचे लक्षण समजले जाते, म्हणून वली गप्प बसतो.

मग दिवस ठरतो. वकील, म्हणजे मुलीचा प्रतिनिधी, आणि दोन साक्षीदार बायकांच्या खोलीच्या दाराशी येतात, मुलाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि मेहेरची रक्कम सांगून विचारतात, कबूल आहे का. कुमारिकेचे मौनही फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, होकार मानतात, त्यामुळे पुष्कळदा एखादी मामी तिच्या वतीने मान हलवून मोकळी होते. काही काजी मात्र थांबतात, मुलीच्या तोंडून शब्द ऐकतात आणि मगच रजिस्टर पुढे सरकवतात. ती नावावरून बोट फिरवून वाचते, मेहेरचा आकडा पाहते, सही करते. तिच्या सहीच्या वर अटींसाठी सोडलेल्या ओळीवर बहुतेक वेळा कुणीतरी आधीच आडवी रेघ मारून ठेवलेली असते.