खुर्चीवरचा पाव्हणा

चित्रकलेच्या एका शिक्षकांचं माझ्यावर मोठं ऋण आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सर माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले, आणि आवडीने जादूचे प्रयोग करणारे. त्यांनी मला कागदाच्या बोळ्यांचा एक खेळ शिकवला. एवढंच सांगितलं तर त्यात ऋण मानण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या मुलाकडे मी आज ज्या नजरेने बघतो, ती नजर मला त्या खेळाने दिली. म्हणून आधी तो खेळच नीट सांगायला हवा.

प्रेक्षकांतल्या एकाला पुढे बोलवायचं आणि खुर्चीवर बसवायचं. खुर्ची आडवी ठेवायची, म्हणजे बसलेल्या माणसाची एक बाजू सगळ्यांना दिसते. जादूगार त्याच्या अगदी पुढ्यात उभा राहतो. पातळ कागदाचा बोळा मुठीत धरतो, मूठ दोन-तीनदा वरखाली हलवतो, दुसऱ्या हातात दिल्यासारखं करतो आणि तो हात उघडतो. हात रिकामा. बसलेला माणूस चकित होतो. सभागृहातल्या सगळ्यांना मात्र तो बोळा त्याच्या डोक्यावरून उडून खुर्चीमागे पडताना स्वच्छ दिसलेला असतो. मग दुसरा बोळा, मग त्याहून मोठा तिसरा. हशा वाढत जातो. खुर्चीवरचा माणूस हात बघतो, बाह्या बघतो, खिसे बघतो. शेवटी त्याला मागे वळायला सांगतात, तेव्हा जमिनीवर बोळ्यांचा ढीग असतो.

हा खेळ जगभर गाजवला टोनी स्लायडिनी यांनी. जन्म इटलीतला, बालपण अर्जेंटिनात गेलं आणि पुढे ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. प्रेक्षकाचं लक्ष हवं तिथे नेण्याच्या कलेत विसाव्या शतकात त्यांच्या बरोबरीचे जादूगार फार थोडे झाले. मोठी पेटी नाही, यंत्र नाही. टेबलाशी बसून नाणी, रुमाल आणि कागद एवढ्यावर ते काम करत. अनेक जादूगार त्यांच्याकडे शिकायला जात. १९९१ साली ते गेले. सरांना हे नाव एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून मिळालं होतं. पुण्याचे जादूगार रघुवीर आणि बंगालचे पी. सी. सरकार ही त्यांच्या तरुणपणाची दैवतं. पण दोघांसारखा सरंजाम पगारदार शिक्षकाला कुठून परवडणार? कागदावर भागणारा खेळ त्यांनी म्हणून मनापासून धरला, आणि शाळाशाळांतून स्नेहसंमेलनात, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात, गणपतीच्या मांडवात तो केला.

माझी त्यांची गाठ शिक्षकांच्या एका उन्हाळी प्रशिक्षणात पडली. मी नोकरीत नवा होतो. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा, म्हणून शेवटच्या ओळीत बसलो होतो. रात्री जेवणानंतर सरांचा कार्यक्रम होता. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला हाक मारली, “गुरुजी, या. तुमची मदत लागणार आहे.”

मी खुर्चीवर बसलो. सरांच्या मुठीकडे बघत राहिलो. बोळा गेला. हशा झाला. पुन्हा गेला, मोठा हशा झाला. मला काही कळेना. सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि एकट्या आपल्यालाच नाही, हे ध्यानात आल्यावर अंगाला घाम सुटतो. वर्गात फळ्यापाशी उभं असताना लहानपणी हा घाम मी अनुभवला होता. तेवढ्यात सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, “एवढं लक्ष देऊन बघणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला.” त्यांच्या स्वरात थट्टा नव्हती. मग त्यांनी मला मागचा ढीग दाखवला. आणि मी उठून जागेवर जायच्या आत ते स्वतः खुर्चीवर बसले, माझ्या हातात बोळा दिला आणि म्हणाले, “आता तुम्ही.” मी कसाबसा तो त्यांच्या डोक्यावरून फेकला. ते इकडेतिकडे शोधू लागले, खिसे चाचपू लागले. सगळं सभागृह माझ्यासाठी टाळ्या वाजवत होतं. माणसांसमोर उभं राहण्याची भीती माझ्या मनातून पहिल्यांदा हलली ती त्या क्षणी.

सुट्टी संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि शिकवा म्हणालो. माझी समजूत अशी होती, की सगळी करामत हातांत आहे. हात चपळ झाले की झालं. सरांनी कितीतरी दिवस मला बोळा फेकूच दिला नाही. नुसतं बघायला शिकवलं. आपण जिकडे बघतो तिकडे समोरचा बघतो. म्हणून मूठ हलवताना आपली नजर मुठीवर हवी, आणि बोळा सुटतो त्या क्षणी ती दुसऱ्या, रिकाम्या हातावर गेलेली हवी. आपल्यालाच जर बोळा मागे कुठे पडतो ते बघण्याचा मोह झाला, तर खेळ संपला. अंतरही तसंच. समोर नजर लावून बसलेल्या माणसाला वरच्या बाजूचं साधारण ६० अंशांपर्यंतच दिसतं, पुढे भुवई आड येते. जवळ उभं राहिलं तर वर गेलेला हात त्या कक्षेबाहेर जातो. दोन पावलं मागे सरकलं तर सगळं दिसतं. पहिले दोन झोके खोटे असतात. हात वर जातो आणि बोळ्यासकट खाली येतो. त्या लयीची डोळ्यांना सवय होते, आणि तिसऱ्या झोक्याला हात तसाच वर जाऊन रिकामा खाली येतो, तरी संशय येत नाही.

आवाजाचा विचार मी कधी केला नव्हता. शहाबादी फरशीवर वर्तमानपत्राचा बोळा पडला तर आवाज होतो. सर खुर्चीमागे सतरंजी अंथरून घेत आणि पहिला बोळा पातळ नॅपकिनच्या कागदाचा करत. लोक एकदा हसू लागले की पुढचे आवाज त्या हशात बुडतात, मग वर्तमानपत्राचं अख्खं पान चुरगळलं तरी चालतं. हे सगळं त्यांनी मला हाताला धरून, एक पैसा न घेता शिकवलं. काकूंनी प्रत्येक वेळी जेवू घातलं ते वेगळंच.

हात बसल्यावर, आता सगळं आलं असं मला वाटलं. सर म्हणाले, “आता खरं शिकायचं. खुर्चीवर बसतो तो आपला पाव्हणा. त्याला मानाने बोलवायचं आणि मानानेच परत पाठवायचं.” मग त्यांनी नियम सांगितले. ज्याला आधीच चिडवतात त्याला बोलवायचं नाही. नाव विचारायचं आणि आदराने घ्यायचं. बोळा त्याच्या केसाला लागता कामा नये. त्याच्या कपड्यांवर, अंगकाठीवर, बोलीवर एक शब्द बोलायचा नाही. त्याच्या पाठीमागे लोकांना डोळा मारायचा नाही. लोक हसतील ते बोळ्याला आणि आपल्या कसरतीला हसले पाहिजेत. आणि शेवटचा बोळा पाव्हण्याच्या हातात द्यायचा, आपण खुर्चीवर बसायचं. हा शेवट पुस्तकातला नव्हता, सरांनी स्वतः जोडलेला होता. प्रशिक्षणात माझ्यावरचं दडपण का उतरलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मी अजून जपून आहे. मी विचारलं होतं, “बसलेल्या माणसाला इतकं साधं कसं दिसत नाही?” ते म्हणाले, “कारण तू दाखवतोस तिकडं तो बघतो. त्याचा तुझ्यावर विश्वास आहे. मन लावून बघणारा माणूसच या खेळात सापडतो. जो इकडेतिकडे बघत बसतो, त्याला बोळा दिसतो.”

हे वाक्य घेऊन मी वर्गात आलो आणि माझा वर्ग मला निराळा दिसू लागला. फळ्यापाशी गणित करणारं मूल त्याच खुर्चीवर बसलेलं असतं. उत्तर सगळ्यांना दिसतं, त्याला दिसत नाही. हातचा मिळवायचा राहिलाय हे मागच्या बाकावरचा मुलगाही सांगू शकतो. मुलं हसतात. तोवर हे हसणं मला वर्गातल्या नेहमीच्या आवाजांपैकी एक वाटायचं. ते मूल कमी हुशार नाही, मी शिकवताना जिकडे बोट दाखवलं तिकडेच ते विश्वासाने बघतंय, हे माझ्या ध्यानात सरांमुळे आलं. मग मी मुलाला म्हणू लागलो, “इकडे माझ्याजवळ ये, इथून बघ.” जागा बदलली की पुष्कळदा त्याचं त्यालाच दिसायचं. आणि उत्तर आलं की खडू त्याच्याच हातात ठेवून पुढचं गणित त्याला मला घालायला सांगायचं, ही माझ्या वर्गाची रीत झाली. सरांचा शेवटचा बोळाच तो.

पुढे नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आमच्या भागात येऊ लागले. पाण्याने दिवा पेटवणं, हातावर कापूर जाळणं, नारळातून करणी काढणं अशी प्रात्यक्षिकं ते करून दाखवत आणि त्यामागचं कारण उलगडून सांगत. अशा कार्यक्रमांत मी बोळ्यांचा खेळ करू लागलो. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यानंतरही करत राहिलो. बाबाबुवांपुढे बसलेल्या माणसाला वेड्यात काढून काही साधत नाही, हे मला सरांच्या नियमांमुळे माहीत होतं. खुर्चीवरच्या पाव्हण्याला मी मागचा ढीग दाखवायचो आणि म्हणायचो, “यांच्या जागी मी असतो तर मलाही दिसलं नसतं. बाजूला बसलात म्हणून तुम्हाला दिसलं. आपला माणूस त्या खुर्चीवर असला तर त्याला हसू नका, हात धरून त्याला बाजूला आणा.” खेळानंतर बायका थांबून आपल्या घरातलं सांगायच्या. ओरडून सांगितलेल्या भाषणानंतर अशी कुणी थांबत नाही.

सर म्हणत होते त्याला शास्त्राचा आधार आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून त्यांनी लोकांना फेकी मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेलं एक माणूस खेळाडूंमधून चालत जातं, छाती बडवतं. मोजण्यात गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. डोळे उघडे होते, लक्ष सांगितलेल्या कामावर होतं. मी हे सरांना वाचून दाखवलं तेव्हा ते नुसतं म्हणाले, “मग आता पोरांना रागावताना हे लक्षात ठेव.” अमेरिकी टीव्हीवर डिक कॅव्हेट यांच्या कार्यक्रमातलं स्लायडिनींचं दृश्यही मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. ज्यांचं फक्त वाचलं होतं, त्यांना खेळ करताना सर आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. त्यांनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं.

सरांचं वय झाल्यावर त्यांचे प्रयोग थांबले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. खेळाची वेळ आली तेव्हा ते स्वतःच उठून खुर्चीवर येऊन बसले. मला संकोच वाटला. खेळ त्यांचा, आणि मी त्यांच्याच डोक्यावरून बोळे फेकायचे? पण ते शांतपणे माझ्या मुठीकडे बघत बसले. एकदाही त्यांची नजर वर गेली नाही. मुलं पोट धरून हसली. नंतर मी विचारलं, “सर, तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं. तरी कसे बघत राहिलात?” ते म्हणाले, “तू दाखवत होतास तिकडं बघत होतो. पाव्हण्याचं काम तेवढंच.” आपल्या विद्यार्थ्यावर असा विश्वास टाकणारे शिक्षक मला लाभले. मी माझ्या विद्यार्थ्यांवर तसा टाकू शकलो का, याचा विचार मी अजूनही करतो.

सर आता नाहीत. त्यांच्याकडून घेतलेलं त्यांना परत करता येत नाही, ते पुढे द्यावं लागतं. माझ्या शाळेतली काही मुलं हा खेळ शिकली आहेत. मी त्यांना आधी नियम शिकवले आणि मग हात. तुम्ही शिक्षक असा, निवेदक असा, की घरातल्या कार्यक्रमात चार मुलांना हसवणारे काका-मामा असा. कुणालाही चारचौघांत पुढे बोलावलंत तर तो तुमच्या शब्दावर उठून आलेला आहे, हे विसरू नका. त्याला परत जागेवर पाठवण्याआधी शेवटचा बोळा त्याच्या हातात द्या.