पाच गुणांचा प्रश्न

मराठी सत्ता का बुडाली, या प्रश्नाला आमच्या वेळी पाच गुण असत. उत्तर ठरलेलं. आपसांतली दुही, फितुरी, दूरदृष्टीचा अभाव आणि इंग्रजांची कावेबाज नीती. चार मुद्दे आले की चार गुण, अक्षर बरं असेल तर पाचवा. चौतीस वर्षं मी मुलांकडून हेच लिहून घेतलं. फळ्यावर 'मराठे, निजाम आणि टिपू एकत्र आले असते तर...' असं लिहायचं आणि तीन टिंबांवर खडू थांबवायचा, ही माझी खास लकब. वर्ग गप्प व्हायचा. मला ते आवडायचं.

एका वर्षी नववीतल्या एका मुलानं लिहिलं, नानांनी टिपूला का मदत करावी, त्यानं तर त्यांचा मुलूख घेतला होता, आणि पुढं काय होणार हे त्यांना कुठं माहीत होतं? मी लाल शाईनं 'मुद्दा सोडून' असा शेरा मारला आणि दीड गुण दिला.

हे आठवलं ते नातीमुळं. ती राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर होता. "आजोबा, मला मराठीत सांगता येतंय का बघते, तुम्ही फक्त ऐका," म्हणाली आणि मला समोर बसवलं.

पहिलाच शब्द निघाला 'अराजक'. मला वाटलं दंगाधोपा. तर तसं नव्हे. राज्याच्या आत भांडण झालं तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. राज्याराज्यांच्या वर मात्र कुणीच नाही, दाद मागायची कुणाकडे? म्हणून ज्यानं त्यानं आपलं बघावं. हा झाला वास्तववाद. व्यापार, करार, संस्था यांनी हे अराजक निवळतं, असं उदारमतवादी म्हणतात. आणि कोण आपला, कोण परका हे माणसंच ठरवतात आणि बदलतातही, असं रचनावादी म्हणतात. मग सत्तासंतुलन. एकजण डोईजड झाला की बाकीचे मिळून त्याला आवरतात, तो आवरला की मित्र पुन्हा बदलतात.

मी म्हटलं, "अगं, हे तर आपले नाना फडणवीस!"

मग शिकवायची पाळी माझी. १७८० मध्ये इंग्रज डोईजड झाले, तर नानांनी निजाम, नागपूरकर भोसले आणि चक्क हैदर अली यांना एका बाजूला आणलं. हैदर म्हणजे मराठ्यांचा जुना वैरी. १७८२ मध्ये महादजींनी सालबाईचा तह जमवला. नानांनी त्यावर शिक्कामोर्तब लांबवलं ते त्याच डिसेंबरात हैदर वारेपर्यंत. पुढं टिपूनं नरगुंद घेतलं, दोन वर्षं लढाई झाली. म्हणून १ जून १७९० रोजी पुण्यात इंग्रजांशी करार, टिपूविरुद्ध! त्या दरबाराचं थॉमस डॅनियलनं काढलेलं मोठं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कोवळा सवाई माधवराव आणि त्याच्यापुढं इंग्रजांचा वकील मॅलेट. हा मॅलेट आपल्या संगमावर राहायचा. १७९२ मध्ये टिपूचा निम्मा मुलूख गेला आणि तिघांनी वाटून घेतला.

"म्हणजे पुस्तकाप्रमाणे नाना बरोबर," नात म्हणाली.

तिनं मग तिसरी गोष्ट सांगितली, सुरक्षेचा पेच. आपण स्वतःला सुरक्षित करायला जावं, त्यानंच शेजारी बिथरावा. इथं मात्र मी गप्प झालो. १७९५ ची खर्ड्याची लढाई मी दरवर्षी छाती फुगवून शिकवत असे. सगळे मराठे सरदार एकत्र लढले ती शेवटची. निजामानं इंग्रजांकडे मदत मागितली होती, ती मिळाली नाही, तो हरला. मग त्या भेदरलेल्या निजामानं काय केलं? आधी आपली फ्रेंच पलटणं वाढवली आणि १७९८ मध्ये सरळ इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. पुढच्याच वर्षी टिपू पडला, १८०० च्या मार्चमध्ये नाना गेले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला त्यानं वसईचा तह केला. तोवर इंग्रजांविरुद्ध तराजूत घालायला बाहेरचं कुणी शिल्लकच नव्हतं.

यात फितुरी कुठं आली? 'आपसांतली दुही' म्हणताना मी 'आपण' हा शब्द गृहीत धरला होता. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण ही तेव्हा तीन वेगळी दौलतखाने होती. त्यांना एक घर मी केलं, १९४७ नंतरच्या शाळेत बसून.

तरी नानांना पूर्ण सोडावं असं मला वाटत नाही. त्यांनी इंग्रजांना पटावरचा आणखी एक गडी धरलं. निजाम हरला तर हैदराबादचाच खजिना रिता व्हायचा. कंपनीकडे १७६५ पासून बंगालची दिवाणी होती आणि पाठीशी समुद्रापारचं सरकार. विलायतेत वकील पाठवला तो कुणी, तर राघोबादादांनी! १७८१ मध्ये त्यांची माणसं लंडनमध्ये होती. ज्याला आपण घरभेदी म्हणतो, त्यानं तेवढं पाहिलं. असो.

"मग नानांनी करायला काय हवं होतं?" नातीनं विचारलं.

टिपूला थोडा जास्त शिल्लक ठेवायला हवा होता, असं म्हणालो. पण नरगुंद गमावलेल्या माणसाला हे कोण सांगणार, हेही म्हणालो.

त्या नववीतल्या मुलाची गोष्ट तिला सांगितली. ती हसली. "आज किती दिले असते?"

"चार."

"पाचवा?"

"अक्षर फार वाईट होतं गं त्याचं."