आर्मस्ट्राँगचें दुखणें

लान्स आर्मस्ट्राँग ह्या अमेरिकन सायकलपटूचें नांव आतां तरुण मंडळी तुच्छतेनें उच्चारतात. तें अकारण नाहीं. तथापि त्याच्या चरित्रांतील एक प्रकरण कुटुंबवत्सल वाचकांनीं टाकून देऊं नये, असें आम्हांस वाटतें.

१९९३ सालीं ऑस्लो येथें तो जगज्जेता झाला. १९९६ च्या ऑक्टोबरांत, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्यास वृषणाचा कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. सूज आधींपासून होती. त्यानें ती अंगावर काढली. खोकल्यांतून रक्त पडलें तेव्हां तो डॉक्टरांकडे गेला. तोंवर रोग पोटांत, फुप्फुसांत व मेंदूंतही पोंचला होता.

अवयवाचें नांव वाचून कोणी भुंवया चढवूं नयेत. सुश्रुतानें वृषणवृद्धीचा विचार निःसंकोचपणें केला आहे. संकोच आहे तो आपल्या घरांत. मुलगा हें दुखणें आईस सांगत नाहीं, वडिलांस तर नाहींच.

पुढें तो वांचला तो मनोधैर्यानें, असें सांगण्याची रीत पडली. धैर्य होतेंच; परंतु श्रेय प्रथम औषधास. १९६५ सालीं मिशिगन येथें बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जंतूंवरील परिणाम पाहत असतां, प्लॅटिनममुळें जंतूंचें विभाजन थांबतें असें त्यांस आढळलें. त्यांतून सिस्प्लॅटिन निघालें. १९७४ सालीं इंडियाना विद्यापीठांत डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनीं तें इतर औषधांच्या जोडीनें ह्याच रोगावर योजिलें, आणि पसरलेला रोगही बहुतेकांचा बरा होऊं लागला. आर्मस्ट्राँगवर उपचार झाले ते तेथेंच. नेहमींच्या औषधांपैकीं ब्लिओमायसिन फुप्फुसांस अपाय करितें, म्हणून त्याऐवजीं दुसरें दिलें. सायकलपटूचा श्वास राखला.

तो राखलेला श्वास घेऊन त्यानें १९९९ ते २००५ सलग सात वेळां फ्रान्सची महाशर्यत जिंकली. २०१२ सालीं तीं सातही विजेतेपदें निषिद्ध औषधांपायीं काढून घेण्यांत आलीं; २०१३ च्या जानेवारींत त्यानें स्वमुखें कबुली दिली. त्या औषधांतील एक, एरिथ्रोपोएटिन, तांबड्या रक्तपेशी वाढवितें व पांडुरोग झालेल्या कर्करुग्णांसही देतात. रुग्णशय्येवर जें उपकारक, तेंच घाटाच्या चढणीवर चोरी ठरलें. शिक्षा योग्यच झाली. दुखण्याची सबब तेथें चालत नाहीं.

आमच्या ठाकूरद्वारच्या बिऱ्हाडांत ह्याच गोष्टीवरून एकदां बराच वाद माजला होता. दुसऱ्या दिवशीं एक पुतण्या थोरल्या चुलतभावास जिन्यांत गांठून हळूच कांहीं बोलला, आणि दोघे परळला टाटा रुग्णालयांत गेले. गांठ लहान होती. आतां तो रोज दादरला नोकरीस जातो. सायकल मात्र त्यास अजून येत नाहीं.