मामूंच्या सायकलीमागून बोरघाटात

रमजान सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही सहकुटुंब मावळात जाऊन आलो. लोणावळ्याला आम्ही याआधीही गेलो आहोत. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजलो आहोत, कार्ल्याची लेणी पाहिली आहेत, परतताना चिक्कीचे पुडे बांधून आणले आहेत. पण या वेळची सफर निराळी होती. या वेळी आमच्या गाडीपुढे एक सायकल होती आणि सायकलवर होते आमचे सहासष्ट वर्षांचे मामू.

मामू तळेगाव दाभाडेला राहतात. तरुणपणी ते सायकल शर्यतीतले खेळाडू होते. खेळावरच त्यांना रेल्वेत नोकरी लागली आणि पुढची दहा-बारा वर्षे अर्धा महिना कामावर, अर्धा महिना रस्त्यावर अशी गेली. आज या शहरात शर्यत, पुढच्या आठवड्यात त्या शहरात. सायकल सुटी करून रेल्वेच्या मालडब्यात टाकायची, स्वतः दुसऱ्या वर्गात बसायचे, मुक्काम शाळेच्या वर्गात सतरंजीवर किंवा एखाद्या मशिदीच्या मुसाफिरखान्यात. बक्षीस मिळाले तर त्यातून आधी टायर घ्यायचे, मग घरी मिठाई न्यायची.

मुंबई-पुणे सायकल शर्यत हे त्या काळच्या खेळाडूंचे मोठे स्वप्न होते. मुंबईहून निघायचे, पनवेल, खोपोली करत बोरघाट चढायचा आणि मावळातून पुण्यात उतरायचे. पुण्यात पहिला येणारा विजेता ठरायचा, पण घाटमाथ्यावर सर्वांत आधी पोहोचणाऱ्यालाही वेगळा मान होता. त्याला म्हणायचे ‘घाटाचा राजा’. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी राहायची. दूध घालणारी, पेपर टाकणारी मुलेही अशा शर्यतींतून पुढे आली. मामू कधी राजा झाले नाहीत. ‘राजाच्या मागे सहावा-सातवा,’ असे ते स्वतःच हसत सांगतात.

त्या घाटात पुन्हा एकदा सायकल न्यायची, असा हट्ट त्यांनी वर्षभर धरला होता. मामींचा सक्त विरोध होता आणि त्याला कारण होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अशोक खळे गेले. मुंबईचे नामवंत सायकलपटू, ‘घाटाचा राजा’ म्हणून सगळ्यांना माहीत असलेले. साठी ओलांडली तरी त्यांनी सायकल सोडली नव्हती आणि सायकल चालवत असतानाच झालेल्या अपघातानंतर ते दगावले. मामू त्यांचे नाव नेहमी अदबीने घेतात. ती बातमी वाचली त्या दिवशी मामींनी मामूंची सायकल खोलीत ठेवून कुलूप लावले आणि किल्ली पदराला बांधली. पुढे किल्ली परत मिळाली, पण अट अशी, की सायकल तळेगावाबाहेर जाणार नाही.

अट मोडायला निमित्त झाला आमचा मुलगा. तो चौदा वर्षांचा आहे आणि त्याला बीएमएक्सचे वेड लागले आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. पाच दिवस, एकूण ४३७ किलोमीटर. परदेशांतले खेळाडू मुळशी-मावळच्या रस्त्यांवरून धावले. मामूंनी त्याला ती रस्त्याकडेला उभे करून दाखवली. सगळा घोळका डोळ्यांसमोरून निघून गेला आणि मुलगा म्हणाला, ‘मला पण हेच करायचे आहे, फक्त छोट्या सायकलवर.’ तेव्हा मामू म्हणाले, ‘आधी एकदा माझ्याबरोबर घाटात चल. रस्ता बंद करून शर्यत घेतात तेव्हा सगळेच शूर असतात. रस्ता चालू असतो तेव्हा काय होते, ते बघ.’

शेवटी मामींनी होकार दिला, पण तीन अटींवर. मागे आमची गाडी हवी, डोक्यावर हेल्मेट हवे आणि सुट्टीचा वार नको.

आदल्या रात्री आम्ही खोपोलीला ओळखीच्या घरी उतरलो. फजरची नमाज पुरुष मंडळींनी मशिदीत आणि महिलांनी घरी अदा केली. मामींनी चार खजूर, दोन केळी आणि गूळ घातलेल्या पाण्याची बाटली मामूंच्या हवाली केली. उजाडल्यावर निघालो. पुढे मामू, मागे चारही इंडिकेटर चालू ठेवलेली आमची गाडी.

खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे आणि लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर. मधल्या वळणांत पाचशे मीटरहून अधिक चढायचे असते. इंग्रजांनी १८३० मध्ये हा रस्ता गाड्यांसाठी खुला केला. ही वाट एका धनगराने दाखवली अशी लोककथा आहे. त्या शिंग्रोबाचे देऊळ घाटात आहे आणि आजही ट्रकवाले तिथे वेग कमी करतात. १८६३ मध्ये याच डोंगरातून रेल्वे वर गेली. तो मार्ग बांधताना हजारो मजूर अपघातांनी आणि पटकीसारख्या रोगांनी मेले. आज आपण खिडकीतून धबधबे पाहत तो ओलांडतो.

रेल्वेची गोष्ट निघाली तसे मामू पहिल्या थांब्यावर मुलांना सांगू लागले. घाटातला रेल्वेमार्ग काही ठिकाणी इतका चढा आहे, की सदतीस फुटांमागे एक फूट वर जातो. म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. गाडीतल्या प्रवाशांना त्यांचा पत्ताही नसतो, पण ती ढकलत नसतील तर गाडी वर जाणार नाही. ‘माझी बँकर ही,’ मामू मामींकडे बोट दाखवून म्हणाले. मामी म्हणाल्या, ‘बँकर लोणावळ्याला सोडतात. मला चाळीस वर्षांत कोणी सोडले नाही.’ आम्ही सगळे हसलो. पण मग त्या सांगू लागल्या, की शर्यतीच्या दिवशी घरात त्या रेडिओ लावत नसत आणि दाराची कडी वाजली की आधी दुआ पुटपुटत, मग दार उघडत. मोबाइल नव्हते. नवरा पडला की पोहोचला, हे रात्री तो दारात उभा राहिल्यावरच कळे.

शिंग्रोबानंतर चढ अंगावर आला. गाडीत बसून चढ कळत नाही, पण पुढे मामूंची पाठ दिसत होती. पहिल्या गिअरमध्येही पायडल जड जात होते. शेजारून ट्रक, टँकर, बसेस घरघरत जात होत्या. काही चालक हॉर्न न वाजवता लांबून जात. काही इतके खेटून जात, की वाऱ्याने सायकल हलायची. घाटात एके ठिकाणी जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात. तिथे मामींनी डोळे मिटून घेतले होते. जिथे पूर्वी १८३० सालचा अमृतांजन पूल होता त्याच परिसरातून आम्ही गेलो. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. मामूंच्या पिढीला तो दिसला की हायसे वाटायचे, कारण माथा जवळ आल्याची ती खूण होती.

पण सांगायची गोष्ट त्याच्या थोडे आधीची आहे. एका वळणानंतर मामू अचानक थांबले. पाय टेकला, सायकल कठड्याला लावली. आम्हाला वाटले, छातीत दुखले. गाडीतून धावत उतरलो, तर मामू वाकून रस्त्यावरचा एक मोठा दगड कडेला ढकलत होते. घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर चाकामागे दगड लावतो. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतो. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मुलाने हात लावला आणि दोघांनी मिळून दगड गटारापलीकडे टाकला.

चढावर थांबणे सायकलस्वाराला किती जड जाते, ते आम्हाला नंतर कळले. एकदा लय तुटली की पुन्हा पायडल फिरवायला सगळा जोर लागतो. म्हणून मुलाने खंडाळ्याला चहा घेताना विचारले, ‘मामू, शर्यत असती तर थांबला असता?’

मामू बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘शर्यतीत असा एक दगड मी चुकवून गेलो होतो. पुढे असणाऱ्याने हात खाली करून मागच्याला इशारा द्यायचा, खड्डा असो, दगड असो, ही आमची रीत. माझ्या चाकाला चिकटून एक जण येत होता. गेले दोन मैल तो माझा वारा खात होता. मी हात केला नाही. बेटा, मला दगड दिसला नव्हता असे नाही. दिसला होता.’

तो खेळाडू पडला. खांद्याचे हाड मोडले. त्याने पुन्हा शर्यत खेळली नाही. मामू त्या दिवशी सातवे आले. महिन्याभराने ते त्याच्या घरी गेले आणि खरे सांगितले. त्याने चहा पाजला, दुसरे काही बोलला नाही. ‘त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते,’ मामू म्हणाले. मामींना हे माहीत होते. आम्हाला कोणालाच माहीत नव्हते.

रस्त्यातून त्रास देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण मक्तबमध्ये लहानपणी शिकलो आहोत. पाठ असते. पण खंडाळ्याच्या त्या टपरीवर ते पहिल्यांदा आम्हाला खरोखर समजले.

खंडाळ्याहून लोणावळा आणि पुढे वलवण, कार्ला फाटा, कामशेत, वडगाव हा रस्ता मोकळा आणि बराचसा उताराचा. डाव्या-उजव्या बाजूला कापणी झालेली भातखाचरे दिसत होती. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातच इंद्रायणी तांदळाची जात तयार झाली, १९८७ साली. दुपारी मामींच्या घरी त्याच सुवासिक भाताबरोबर कोंबडीचे कालवण जेवलो. मामूंनी पाय गरम पाण्यात सोडले होते आणि चेहऱ्यावर ईदचा आनंद होता.

जेवताना मुलाच्या बीएमएक्सचा विषय निघाला. मामूंनी त्याची माहिती आधीच काढून ठेवली होती. वीस इंची चाके, एकच गिअर. आठ खेळाडू सुमारे आठ मीटर उंचीच्या उतारावरून एकदम सुटतात आणि मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेत चारशे मीटरच्या आतली शर्यत पाऊण मिनिटाच्या आत संपवतात. कॅलिफोर्नियातल्या मुलांनी मोटरसायकल शर्यतींची नक्कल करत सुरू केलेला हा खेळ २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. कोलंबियाच्या मारियाना पाहोन हिने २०१२ आणि २०१६ मध्ये सुवर्ण जिंकले आणि टोकियोत रौप्य. त्याच टोकियोत अमेरिकेचा कॉनर फील्ड्स, २०१६ चा सुवर्णविजेता, असा पडला की मेंदूत रक्तस्राव झाला. ‘दोन्ही गोष्टी एकाच खेळाच्या,’ मामू म्हणाले. ‘आमच्या वेळी डोक्यावर कातडी पट्ट्यांची टोपी असायची. ती पावसापासूनही वाचवत नव्हती.’

शेवटी घरात मिळून असे ठरले. मुलाला बीएमएक्स शिकू द्यायचे, पण मैदानावर, पूर्ण हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांचे पॅड घालून. हमरस्त्यावर अठरा वर्षांपर्यंत नाही. आमच्या लेकीने लगेच विचारले, ‘आणि मी?’ मामींनीच उत्तर दिले, ‘तुलाही तेच नियम.’ मामूंनी स्वतःहून कबूल केले, की घाट हा शेवटचा. आता सकाळी तळेगाव ते वडगाव, मागे लाल दिवा लावून आणि सोबत कोणी असेल तरच.

असरच्या नमाजनंतर आम्ही परतलो. द्रुतगती मार्गाने दीडेक तासात खाली उतरलोही. ज्या घाटाला सकाळी मामूंना घामाघूम होऊन इतका वेळ लागला, तो काचेआडून कधी संपला ते कळले नाही. मुलगा मात्र खिडकीतून रस्त्याची कडा पाहत होता.

रमजान आता तोंडावर आहे. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास आपल्या मोहल्ल्यांत किती घाईचा असतो, ते वाचक बंधू-भगिनींना सांगायला नको. मोटरसायकली, रिक्षा, गाड्या सगळ्यांनाच घरी दस्तरखानावर पोहोचायचे असते. त्या गर्दीत एखादा पाववाला, एखादा कामावरून परतणारा म्हातारा सायकलवर असतो. त्यालाही रोजा असू शकतो. त्याच्यापासून हातभर नव्हे, चांगले दीड मीटर अंतर ठेवून जावे. गाडीचे दार उघडण्याआधी मागे पाहावे. आणि दुकानासमोर रात्रीसाठी ठेवलेली वीट किंवा दगड सकाळी आठवणीने उचलावा. दोन मिनिटे उशीर झाला तर खजूर तिथेच तोंडात टाकता येतो. घरी कडीच्या आवाजाकडे कान लावून बसलेल्या कोणाला तरी त्या दोन मिनिटांची किंमत जास्त आहे.